वर्गणीचे पावतीपुस्तक आणि राणीच्या बागेतील संग्रहालय

गावातील जुन्या वस्तूंसाठी एक खोली उभारावयाची असे आपल्या मंडळाने ठरविले, त्या दिवशी वर्गणीचे पावतीपुस्तक माझ्या हाती आले. ते का आले, हे सर्व भगिनींना ठाऊकच आहे. सभेला उशिरा पोचणाऱ्या बाईच्या पदरी नेहमी असेच काम पडते. पहिले पंधरा दिवस मोठ्या उमेदीने हिंडले. जाते, पाटा, दगडी, समई, अडकित्ते, बाळंतिणीची बाज, रोजमेळाच्या वह्या असे पुष्कळ काही लोक द्यावयास तयार होते. पैसा मात्र सुटत नव्हता. एका सद्गृहस्थांनी भरसभेत मोठा आकडा सांगितला, टाळ्याही घेतल्या. पुढे चार महिने त्यांच्या घरी मी इतका चहा प्याले, की त्यांनी वर्गणी चहातच फेडली म्हणावयाची.

एके दुपारी वरच्या आळीतील आजींकडे गेले. ऐंशी उलटलेल्या, दृष्टी अधू, पण जीभ शाबूत. त्यांनी एकशे एक रुपये काढून दिले आणि विचारले, "अगं, खोली बांधाल, फीत कापाल, फोटोही काढाल. पण पुढच्या आषाढात कौल गळेल तेव्हा वर कोण चढणार?"

मला उत्तर देता आले नाही. घरी आले, तरी तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग आठवले ते मुंबईचे संग्रहालय, राणीच्या बागेतले. लहानपणी ते मी हत्ती पाहून झाल्यावर, पाय दुखत असताना पाहिले होते. आता त्याचा इतिहास काढून वाचू लागले, आणि आजींचा प्रश्न तेथे पानोपानी भेटू लागला.

त्या संग्रहाची सुरुवातच मुळी हालाची. 1851 साली लंडनला आणि 1855 साली पॅरिसला मोठी प्रदर्शने भरली. तिकडे पाठविण्यासाठी इकडे जो माल जमविला, त्यासारखेच नमुने ठेवून मुंबईत कोटातील एका बराकीत संग्रह मांडला गेला. धान्ये, कापड, कारागिरीच्या वस्तू असे त्याचे स्वरूप होते. 1857 साली उठाव झाला, लष्कराला जागा हवी झाली, आणि संग्रहाला बराक सोडावी लागली. त्या धांदलीत पुष्कळ वस्तूंची नासाडी झाली. स्वतःचे छप्पर नसलेल्या वस्तूंचे दुसरे काय होणार?

1858 च्या अखेरीस तीन माणसे या कामाला लागली. जगन्नाथ शंकरशेट, ज्यांना मुंबई नाना म्हणत असे, डॉक्टर भाऊ दाजी लाड आणि डॉक्टर जॉर्ज बर्डवुड. एक शेट आणि दोन वैद्य. भाऊ मूळचे गोव्यातील मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजातून 1851 साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले ते डॉक्टर. रोगी तपासून उरलेला वेळ ते शिलालेख, नाणी आणि पोथ्या यांत घालवीत. व्हिक्टोरिया राणीच्या नावाने संग्रहालय आणि बाग करावी, आणि त्यासाठी लोकांकडून वर्गणी घ्यावी, असे ठरले. राणीचे नाव घेतले की थैल्या लवकर सुटतात, हे त्या व्यवहारी माणसांना कळत नव्हते असे मला वाटत नाही.

19 नोव्हेंबर 1862 रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते पायाचा दगड बसला. दिवस भरभराटीचे होते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तिकडचा कापूस विलायतेस पोचत नव्हता, आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मुंबईत पैसा नुसता वाहत होता. शेअरांचे वेड इतके, की न भरलेल्या समुद्राच्या जमिनीचेही भाग विकले जात. अशा वेळी दानाचा आकडा मांडावयास हात आखडत नाही. 1865 साली युद्ध थांबले, कापसाचा भाव कोसळला आणि पेढ्यांमागून पेढ्या बसल्या. स्वतः भाऊंनाही त्या सट्ट्यात जबर ठोकर बसली. त्याच वर्षी 31 जुलैला नाना वारले. इमारत अर्धवट उभी होती.

येथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. आमच्या सद्गृहस्थांचा मला एवढा राग आला होता. पण आकडा सांगतानाचे दिवस वेगळे आणि पैसा मोजून देतानाचे वेगळे, हे शंभर दीडशे वर्षांपूर्वी मुंबईसारख्या शहरालाही चुकले नाही.

शेवटी सरकारला भार उचलावा लागला. सुमारे चार लाख तीस हजार रुपये खर्चून इमारत पुरी झाली, आणि 2 मे 1872 रोजी ती लोकांसाठी उघडली. पायाभरणीपासून साडेनऊ वर्षे लागली. आत प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा आहे, तो डेव्हिड ससून यांची देणगी. त्यावर हिब्रू अक्षरेही कोरलेली आहेत. बाहेरचा घड्याळाचा मनोराही ससून यांच्याच नावाचा. पण ते 1864 मध्येच पुण्यास वारले होते. नानांनी आणि ससूनांनी, दोघांनीही, ते दार उघडलेले पाहिले नाही. भाऊंनी पाहिले, दोनच वर्षांनी, 1874 च्या मे महिन्यात तेही गेले.

बाहेर जो दगडी हत्ती आहे त्याचीही गोष्ट अशीच. घारापुरीहून तो विलायतेस नेण्याच्या खटपटीत 1864 साली वर उचलताना पडून फुटला. बर्डवुडने तुकडे राखून ठेवले, आणि ते सांधून हत्ती उभा राहावयास 1914 साल उजाडले. पन्नास वर्षे ते तुकडे कोणी फेकून दिले नाहीत, याचे मला त्या हत्तीपेक्षाही अप्रूप वाटते.

पुढे 1 नोव्हेंबर 1975 पासून संग्रहालयाला भाऊ दाजी लाडांचे नाव लाभले. नाव लाभले, पण निगा लाभली नाही. इमारत हळूहळू खालावत गेली. 2003 साली मुंबई महानगरपालिका, इन्टॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून करार केला. जागा एकाची, जाणकारी दुसऱ्याची, द्रव्य तिसऱ्याचे. छत, रंग, लोखंडी खांब, काचेची कपाटे, सारे मुळाबरहुकूम दुरुस्त केले. 2005 साली युनेस्कोने त्या कामाचा गौरव केला आणि 2008 च्या जानेवारीत दारे पुन्हा उघडली. गेल्या खेपेला मी नातीला घेऊन गेले. जुन्या मुंबईतील निरनिराळ्या लोकांच्या मातीच्या बाहुल्या पाहून ती म्हणाली, "आजी, हे सगळे तुझ्या ओळखीचे होते?" माझ्या वयाचा अंदाज तिने जरा जास्तच केला होता.

त्या करारात मला सर्वांत आवडले ते हे, की पैसा आणि काम एकाच कागदावर आले. आपण आपल्या खोलीच्या हिशेबात बांधकाम मांडले होते, कपाटे मांडली होती, उद्घाटनाचा पेढासुद्धा मांडला होता. झाडलोट, कौले, वाळवी, दिव्याचे बिल यांना एक ओळही नव्हती. मागच्या बैठकीत मी हे बोलले. काही भगिनींना ते रुचले नाही. आधी खोली तर होऊ द्या, असे त्यांचे म्हणणे. वादही झाला. अखेर जमलेल्या रकमेतील तिसरा हिस्सा पोस्टात वेगळा ठेवावा आणि त्याच्या व्याजाला निगेखेरीज हात लावू नये, असे ठरले. खोली त्यामुळे दोन हात लहान होणार आहे. दारावर स्वतःचे नाव हवे म्हणणाऱ्या एका दात्याला मात्र आम्ही कळविले की नाव आत, वस्तूंच्या वहीत, सर्वांबरोबर लिहू. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.

हे सांगावयास मी पुन्हा आजींकडे गेले. त्यांनी ऐकून घेतले, आत गेल्या आणि सासूच्या हातचे म्हणून जपलेले पितळी घंगाळ माझ्यापुढे ठेवले. म्हणाल्या, "ने. पण वर्षातून दोनदा चिंचेने घासायचे, हे वहीत लिही."

मी लिहिले. संग्रहालयातले जाणकार चिंचेला नाक मुरडतील हे मला माहीत आहे. त्यांच्याशी त्यावर बोलणे व्हावयाचे आहे; तूर्त घंगाळ आमच्या माजघरात आहे आणि पावती क्रमांक 64 आजींच्या नावाने फाडली आहे.