सोलापूरच्या कन्या शशिकलाबाई जवळकर

धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या पुस्तिकेंत धर्मगुरूंचीं, धर्मभगिनींचीं व शाळेस देणग्या देणाऱ्या सद्गृहस्थांचीं चरित्रें यावयाचीं, हा आपला परिपाठ. त्या पंक्तींत एका चित्रपटनटीस, आणि तीही ख्रिस्ती नव्हे, कां बसविलें, असा प्रश्न कांहीं वाचकांस पडेल. त्याचें उत्तर पुढील हकीकतींतच आहे. तूर्त एवढेंच सांगतों कीं, या बाई आपल्या सोलापुरांत जन्मल्या, आणि त्यांच्या आयुष्यांतील सुमारें नऊ वर्षें कलकत्त्यास मदर तेरेझांच्या छायेखालीं रुग्णसेवेंत गेलीं.

शशिकलाबाईंचा जन्म ४ ऑगस्ट १९३२ रोजीं भावसार समाजांतील जवळकर घराण्यांत झाला. वडील अनंतराव हे व्यापारी. घरांत सहा मुलें. त्या काळचें सोलापूर म्हणजे गिरण्यांच्या भोंग्यावर उठणारें शहर. येथील पहिली कापडगिरणी १८७७ सालीं निघाली, आणि तिच्यामागून मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू बोलणारीं माणसें एकाच पेठेंत शेजारीं-शेजारीं नांदूं लागलीं. बाईंच्या जन्मापूर्वीं दोनच वर्षें, १९३० च्या मे महिन्यांत, याच शहरानें लष्करी कायदा भोगला होता. करमणुकीस नाटकें होतीं, तमाशे होते, आणि गणेशोत्सवांत मेळे होते. मेळा म्हणजे मुलामुलींचा गाणारा-नाचणारा ताफा. व्यासपीठावर चढून शेंकडों डोळ्यांपुढें न बावरतां उभें राहणें ही विद्या महाराष्ट्रांतील कित्येक नटनटींस मेळ्यानेंच दिली. शशिकलाबाई पांच वर्षांच्या असल्यापासून सोलापूर जिल्ह्यांतील गांवोगांवीं नाचत-गात असत. अभिनयाची दुसरी शाळा त्यांनीं पाहिली नाहीं.

पुढें घरावर गंडांतर आलें. अनंतरावांनीं धाकट्या भावाच्या विलायतेंतील शिक्षणासाठीं हात सैल सोडला. शेवटीं व्यापाराचें दिवाळें निघालें आणि सारें कुटुंब मुंबईस आलें. मुलगी रूपानें चांगली, नाचगाणें येतें, म्हणून ती स्टुडिओंचे उंबरठे झिजवूं लागली. त्या दिवसांत सुप्रसिद्ध गायिका-नटी नूरजहां हिची या पोरीवर कृपादृष्टि झाली. नूरजहांचे पति शौकत हुसेन रिझवी हे त्या वेळीं ‘झीनत’ हा चित्रपट काढीत होते. १९४५ सालच्या त्या चित्रपटांत केवळ स्त्रियांच्या आवाजांत गाइलेली एक कव्वाली आहे. ती पुढें फार गाजली. त्या कव्वालीच्या बैठकींत शशिकलाबाईंस जागा मिळाली, आणि मोबदला मिळाला पंचवीस रुपये. बुडालेल्या घरांत त्या पंचवीस रुपयांचें मोल काय, हें गिरणी बंद पडल्यावर सोलापुरांतल्या ज्या घरांनीं दिवस काढले त्यांस सांगावयास नको.

१९४७ सालीं देशाची फाळणी झाली व नूरजहां पाकिस्तानांत गेली. पाठीशीं असलेला आधार गेला. पुढील दहा-बारा वर्षें बाईंनीं मिळेल ती भूमिका केली. कुंदनलाल सैगल यांच्या घराण्यांतील ओमप्रकाश सैगल यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, दोन मुली झाल्या. १९५३ सालीं व्ही. शांताराम यांच्या ‘तीन बत्ती चार रास्ता’ या बोलपटांत त्यांनीं काम केलें. निरनिराळ्या प्रांतांतल्या सुना एका घरांत नांदतात असें त्याचें कथानक. तें सोलापूरकरांस नवलाचें वाटूं नये. १९५९ सालच्या बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’त अस्पृश्य कुळांत जन्मलेल्या मुलीस सख्खी बहीण मानणारी रमा त्यांनीं रंगविली. माझ्या मतें त्यांच्या साऱ्या कामांत हें सर्वांत निर्मळ होय.

परंतु लोकांच्या लक्षांत राहिली ती रमा नव्हे. १९६२ सालीं ताराचंद बडजात्या यांच्या राजश्री संस्थेचा पहिला चित्रपट ‘आरती’ प्रसिद्ध झाला. त्यांत मीनाकुमारी ही सोशीक सून, आणि तिला छळणारी, घरांत कळ लावणारी जाऊ म्हणजे शशिकलाबाई. या भूमिकेस फिल्मफेअरचें सहाय्यक नटीचें पारितोषिक मिळालें. लगेच पुढल्या वर्षीं बी. आर. चोप्रा यांच्या ‘गुमराह’मधील धमकावून पैसे उकळणाऱ्या लीलेच्या भूमिकेसही तेंच मिळालें. त्यानंतर निर्मात्यांनीं त्यांना दुष्ट बाईच्या साच्यांतून सहसा बाहेर येऊं दिलें नाहीं. ‘अनुपमा’ (१९६६) व पुढें ‘खूबसूरत’ (१९८०) या चित्रपटांत हृषीकेश मुखर्जी यांनीं त्यांना हंसतमुख भूमिका दिल्या, तेव्हां प्रेक्षकांस आश्चर्य वाटलें.

चरित्रनटाचा धंदा हा असा आहे. भिंतीवरील चित्रांत नायकनायिकांचे मुखडे मोठे. यांचें नांव खालीं, बारीक अक्षरांत. नायिकेचें सोसणें खरें वाटावें म्हणून कोणीतरी तिला छळलें पाहिजे, आणि तें छळणें इतकें हुबेहूब वठलें पाहिजे कीं, बाहेर पडणाऱ्या बायकांनीं बोटें मोडावीं. बोटें मोडलीं कीं काम साधलें. मात्र तो शिव्याशाप भूमिकेवर न थांबतां माणसावर येऊन बसतो. आपल्या घरांतूनही ‘ही बाई तशीच असेल’ असे उद्गार पूर्वीं सर्रास निघत. उपदेशपीठावरूनही सिनेमाविषयीं फारसें गोड बोललें जात नसे.

आणि नेमक्या याच बाई कीर्ति गांठीशीं असतां कलकत्त्याच्या वाटेस लागल्या. संसार विस्कटला होता, मनास स्वास्थ्य नव्हतें. तीर्थें व आश्रम हिंडून झाल्यावर त्या मदर तेरेझांकडे पोहोंचल्या. मदरनीं १९५२ सालीं कालीमंदिरालगतच्या यात्रेकरूंच्या धर्मशाळेंत निर्मल हृदय हें मरणासन्नांचें घर उघडलें होतें. रस्त्यावरून उचलून आणलेल्यांस धुणें-पुसणें, भरविणें, त्यांच्या जखमा बांधणें हें तिच्या मंडळींचें नित्याचें काम, आणि तें करणाऱ्यास किंवा करून घेणाऱ्यास धर्म विचारण्याची चाल तेथें नाहीं. पडद्यावर दुसऱ्याच्या सुखांत विष कालविणाऱ्या हातांनीं तेथें रुग्णांची सेवा केली. बाईंनीं आपला धर्म सोडला नाहीं, कोणी सोडावयास सांगितलेंही नाहीं. मदरच्या सहवासानें आपल्याला पुन्हां उभें केलें, असें त्या पुढें मुलाखतींतून मोकळेपणानें सांगत.

परत आल्यावर त्यांनीं वयास शोभतील अशा भूमिका स्वीकारल्या. ‘बादशाह’ (१९९९), ‘मुझसे शादी करोगी’ (२००४) हे त्यांतले कांहीं चित्रपट. दूरचित्रवाणीवरील ‘सोन परी’ या मालिकेमुळें तर ज्या मुलांनीं ‘आरती’चें नांवही ऐकलें नव्हतें तींही त्यांना ओळखूं लागलीं. ‘आरती’ निघाला त्याच १९६२ सालीं भारत सरकारनें मदर तेरेझांस पद्मश्री दिली होती. शशिकलाबाईंस तीच पदवी २००७ सालीं मिळाली. मदर १९९७ मध्यें वारल्या होत्या. ४ सप्टेंबर २०१६ रोजीं त्यांना संतपद मिळालें, तें पाहावयास बाई हयात होत्या.

त्यांचें देहावसान मुंबईंत ४ एप्रिल २०२१ रोजीं झालें. वयाचीं अठ्ठ्याऐशीं वर्षें पुरीं झालीं होतीं. त्या दिवशीं पुनरुत्थानाचा रविवार होता.