कोरवंजीने सांगितलेले जग

जो देश डोळ्यांनी पाहता येत नाही, तो मुलांच्या मनात कसा उतरवावा, हा प्रश्न प्रत्येक काळातील शिक्षकापुढे उभा राहिला आहे. १९९५ साली कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील डेल ह्यूबर्ट या शिक्षकाने एक उपक्रम सुरू केला. ‘फ्लॅट स्टॅन्ली’ या बालकथेतील चपट्या मुलाची कागदी बाहुली मुलांनी करायची आणि टपालाने परगावच्या शाळेकडे पाठवायची. तेथील मुलांनी बाहुलीला आपले गाव दाखवायचे आणि तिची हकिगत पत्राने परत कळवायची. बर्फाळ नगरातील लोक काय ल्यातात, काय खातात, शाळेत कसे जातात, हे अशा पत्रांतून दूरच्या वर्गात पोहोचू लागले. भूगोलाला प्रवाशाचा आवाज मिळाला.

याच जातीची युक्ती सुमारे २०० वर्षांपूर्वी तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात योजली गेली होती, आणि तीही मराठीत. योजणारे होते दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८–१८३२). १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला व त्याचा परिसर एवढेच उरले. राज्य आटले, पण जिज्ञासा आटली नाही. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या सहवासात वाढलेल्या या राजांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले, पाठशाळा चालविल्या आणि छापखाना काढला. मुंबई-पुण्याकडे मराठी मुद्रण रुजण्यापूर्वीच इसापाच्या नीतिकथांचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ तंजावरात छापला गेला.

त्यांचे ‘देवेंद्र कोरवंजी’ हे नाटक याच दृष्टीतून आले. कोरवंजी हा तमिळ भूमीतला लोकप्रिय नाट्यप्रकार. विरहिणी नायिकेकडे डोंगरातली भविष्य सांगणारी भटकी स्त्री येते, आपल्या डोंगरांचे आणि मुलखाचे वर्णन गाते, हात पाहते व प्रियमीलनाचे भाकीत करते. सरफोजी राजांनी हा साचा तसाच ठेवला. त्यांची नायिका इंद्राणी आहे. मात्र त्यांची कोरवंजी केवळ आपल्या डोंगरांचे गाणे गात नाही. ती साऱ्या पृथ्वीचा भूगोल, निरनिराळी खंडे आणि त्यांतील देश पदांतून सांगते. कावेरीच्या खोऱ्यात हिमवर्षाव कोणी पाहिलेला नव्हता. तेथील श्रोत्यांना थंड युरोपची ओळख परिचित चालीत, परिचित पात्राच्या तोंडून आणि घरच्या भाषेत झाली.

या नाटकाचे खरे महत्त्व येथेच आहे. नवे ज्ञान पाश्चात्त्य ग्रंथांतून आले. त्याला रूप तमिळ परंपरेने दिले आणि वाणी मराठीने. तिघांपैकी कोणालाही उणेपणा आला नाही. आधुनिक विद्या पेलण्याचे सामर्थ्य मराठीत आहे काय, ही शंका आजही मराठी शाळांच्या दाराशी उभी असते. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या तंजावरने तिचे उत्तर कृतीने दिले होते.

१८५५ साली तंजावरचे राज्य संपले. दरबाराचा आधार गेल्यावर तेथील मराठी हळूहळू घरांपुरती उरली. यातील धडा स्पष्ट आहे. भाषा ज्ञानाला अपुरी पडली म्हणून मागे हटली नाही. तिच्यातून ज्ञान देणाऱ्या संस्था राहिल्या नाहीत, म्हणून हटली. मराठी शाळेने साठ वर्षे टिकून राहणे म्हणजे कोरवंजीचे ते गाणे पुढच्या पिढीसाठी चालू ठेवणे होय.