मिरवणुकीचा कर्ता कोण?

'मिरवणूक' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, की त्याच्या पोटातील 'मिरवणे' हे क्रियापद बहुधा विसरून जातो. देव मिरवतो, नवरदेव मिरवतो, आणि ज्याने नुकतेच काही मिळवले आहे तोही मिरवतो. मिरवण्याला पाहणारा लागतो. त्यामुळे मिरवणुकीचा अभ्यास करायचा तर कोण चालले यापेक्षा कोणाला चालू दिले, कोणत्या क्रमाने, आणि हातात कोणता फलक घेऊन, हे प्रश्न अधिक फलदायी ठरतात. या दृष्टीने न्यूयॉर्कमध्ये दर 17 मार्चला निघणारी संत पॅट्रिकची मिरवणूक साहित्याच्या अभ्यासकालाही बरेच काही देऊन जाते.

ही मिरवणूक 1762 पासून निघते असे मानले जाते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला तेव्हा चौदा वर्षे अवकाश होता, आणि त्या पहिल्या वेळी चालणाऱ्यांत ब्रिटिश राजाच्या सैन्यात चाकरी करणारे आयरिश सैनिक होते. पुढे ज्या मिरवणुकीत इंग्लंडला आयर्लंडमधून चालते होण्यास सांगणारा फलक वर्षानुवर्षे झळकत राहिला, तिचा प्रारंभ इंग्रजी गणवेशात व्हावा, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल. 1845 नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळाने आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि त्याहून अधिक देशोधडीला लागली. त्यांतील असंख्य न्यूयॉर्कला उतरली. कॅथलिक, दरिद्री आणि स्थानिकांच्या तिरस्काराचे धनी झालेल्या या माणसांनी मिरवणुकीचा अर्थ पालटून टाकला. 'आम्ही इथे आहोत, आणि संख्येने आहोत' हे शहराच्या मुख्य रस्त्यावर उभे राहून सांगणे, हा तो नवा अर्थ.

तयारीची रीत मोठी बोलकी आहे. या मिरवणुकीत चित्ररथ नाहीत, मोटारी नाहीत, सारे पायी. अग्रभागी 69 वी पायदळ पलटण. मागे आयर्लंडच्या बत्तीस परगण्यांची मंडळे, 1836 मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या 'एन्शंट ऑर्डर ऑफ हायबर्नियन्स' या कॅथलिक संघटनेच्या शाखा, पोलीस आणि अग्निशमन दलांची पाइपवादक पथके, शाळा-महाविद्यालये. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूला मिळणाऱ्या आडव्या गल्ल्यांत ही पथके आपापली वेळ येईपर्यंत थंडीत ताटकळत उभी राहतात. प्रत्येक पथकाला जागा नेमून दिलेली आणि स्वतःची ओळख सांगणारा फलक. या फलकावर आयोजकांचे फार बारीक लक्ष असे. राजकीय घोषणा वर्ज्य होत्या. अपवाद फक्त वर उल्लेखिलेल्या इंग्लंडविषयक फलकाचा. तो आयोजकांच्या लेखी राजकारण नसून घरचीच गोष्ट असावी!

फलकाची ही सत्ता ध्यानात ठेवून 1920 सालाकडे पाहावे. आयरिश स्वातंत्र्ययुद्ध ऐन भरात होते आणि एमन डी व्हॅलेरा अमेरिकेत पाठिंबा व पैसा मिळवत हिंडत होते. 28 फेब्रुवारीला 'फ्रेंड्स ऑफ फ्रीडम फॉर इंडिया' या संस्थेच्या न्यूयॉर्कमधील मेजवानीत त्यांनी भारत आणि आयर्लंड यांच्या समान लढ्यावर भाषण केले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, 17 मार्चच्या मिरवणुकीत, फेटे बांधलेले आणि साड्या नेसलेले भारतीय आयरिशांच्या जोडीने चालले. कोट्यवधी भारतीय आयर्लंडच्या पाठीशी आहेत, अशा आशयाचे फलक त्यांच्या हाती होते. मराठी वाचकाला हे नाते अनोळखी नाही. टिळकांनी 1916 च्या एप्रिलमध्ये बेळगावला जी होमरूल लीग स्थापली, तिचे नावच आयर्लंडकडून उसने घेतलेले होते, आणि डब्लिनचा ईस्टर उठावही त्याच महिन्यातला. लाला लजपतराय यांच्याबरोबर अमेरिकेत होमरूलचे काम करणारे डॉ. ना. सु. हर्डीकर आपल्याकडे पुढे सेवादलाचे संस्थापक म्हणून ओळखले गेले. सांगायचे ते एवढेच, की 1920 मध्ये आयरिश नसलेल्या, कॅथलिक नसलेल्या परदेशी माणसांना या रांगेत जागा मिळू शकली.

सत्तर वर्षांनंतर मात्र आयरिशच असलेल्या काही माणसांना ती मिळाली नाही.

1990 मध्ये न्यूयॉर्कमधील समलिंगी आयरिश स्त्रीपुरुषांनी 'आयरिश लेस्बियन अँड गे ऑर्गनायझेशन' हा गट स्थापन केला. 1980 च्या दशकातील मंदीत मायदेश सोडून आलेल्या तरुण स्थलांतरितांचा त्यात मोठा भरणा होता. 1991 च्या मिरवणुकीसाठी त्यांनी रीतसर अर्ज केला. उत्तर आले, की प्रतीक्षा यादी आहे. (सरकारी वा बिनसरकारी कोणत्याही कचेरीत चार वेळा खेटे घातलेल्या माणसाला या दोन शब्दांतील सभ्य क्रौर्य समजावून सांगावे लागणार नाही.) अखेर हायबर्नियन्सच्याच मॅनहॅटनमधील सातव्या शाखेने त्यांना आपल्यासोबत चालण्याचे निमंत्रण दिले, पण स्वतःचा फलक न धरण्याच्या अटीवर. महापौर डेव्हिड डिंकिन्स आघाडीची मानाची जागा सोडून त्यांच्याबरोबर चालले. रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्यांनी शिव्या दिल्या, बिअरचे डबे फेकले. न्यूयॉर्कच्या या पहिल्या कृष्णवर्णीय महापौरांना त्या दिवशी अलाबामातील बर्मिंगहॅमच्या नागरी हक्क मोर्चांची आठवण झाली. पुढच्या वर्षापासून गटाला दार बंद झाले.

1992 मध्येच आयर्लंडच्या कॉर्क शहरातील मिरवणुकीत समलिंगी कार्यकर्त्यांचा गट सहभागी झाला आणि त्याला नव्या सहभागाचे उत्तम पारितोषिक मिळाले. समलिंगी संबंध तेव्हा आयर्लंडमध्ये कायद्याने गुन्हा होते. तो कायदा गेला 1993 मध्ये. म्हणजे मायदेश बदलत होता आणि परदेशातील मायदेश गोठून राहिला होता. स्थलांतरितांच्या स्मृतीचा हा गुणधर्म परदेशस्थ मराठी मंडळांचे अंक वाचणाऱ्यालाही ठाऊक असतो.

हाच झगडा बॉस्टनमध्ये न्यायालयात गेला. दक्षिण बॉस्टनची मिरवणूक 1947 पासून माजी सैनिकांची एक परिषद भरवीत असे. 1992 मध्ये समलिंगी आयरिश-अमेरिकनांचा गट न्यायालयाच्या आदेशाने तिच्यात चालला. 1994 मध्ये आयोजकांनी त्यांना सामावून घेण्याऐवजी मिरवणूकच रद्द केली. राज्याच्या न्यायालयांचे म्हणणे असे, की ही परिषद जवळजवळ कोणालाही प्रवेश देते, तिला ठाम असा संदेशच नाही. मग एका गटाला वगळण्यास अभिव्यक्तिस्वातंत्र्य कसे म्हणावे? जून 1995 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हर्ली खटल्यात हा निर्णय एकमताने फिरवला.

न्या. डेव्हिड सूटर यांचे ते निकालपत्र समीक्षेच्या विद्यार्थ्याने जरूर वाचावे. संदेश नेमक्या शब्दांत सांगता आला तरच अभिव्यक्तीला संरक्षण द्यायचे, तर जॅक्सन पोलॉकची चित्रे, आर्नोल्ड शोनबर्गचे संगीत आणि लुईस कॅरोलची 'जॅबरवॉकी' यांचे काय करायचे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. मिरवणूक ही अनेकांच्या आवाजांची जुळणी असते, ती जुळवणारा हाच तिचा कर्ता, आणि निवड सैल असली म्हणून कर्तेपण नाहीसे होत नाही. प्रातिनिधिक कवितासंग्रहाच्या संपादकाला आपण जो अधिकार देतो, तोच इथे आयोजकाला दिला गेला.

मला हा निर्णय कायद्याच्या अंगाने पटतो. सरकारने संपादकाचा हात धरू नये. पण साहित्याच्या अंगाने तो अपुरा वाटतो. प्रातिनिधिक संग्रहावर 'प्रातिनिधिक' असे छापले, की वगळलेल्या कवीला प्रश्न विचारण्याचा हक्क आपोआप मिळतो. दलित साहित्याच्या उदयाआधीचे आपले कवितासंग्रह आठवावेत. ज्या मिरवणुकीसाठी शहर मुख्य रस्ता मोकळा करते आणि जी 'आयरिश' म्हणून सबंध समाजाच्या नावाने निघते, तिचा संपादक खासगी असला तरी संहिता खासगी राहत नाही.

उत्तर न्यायालयाबाहेर शोधले गेले. 2000 च्या मार्चमध्ये क्वीन्समधील सनीसाइड-वुडसाइड भागात ब्रेंडन फे यांच्या पुढाकाराने 'सेंट पॅट्स फॉर ऑल' ही निराळी मिरवणूक निघाली. सर्व लेकरांना समान मानण्याचे 1916 च्या आयरिश जाहीरनाम्यातील आश्वासन तिने आपले ब्रीद केले. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर बर्फ वितळायला आणखी पंधरा वर्षे लागली. 2014 मध्ये महापौर बिल डी ब्लासिओ यांनी चालण्यास नकार दिला आणि गिनेसने प्रायोजकत्व काढून घेतले. 2015 मध्ये समलिंगी गटाला पहिल्यांदा स्वतःच्या फलकासह प्रवेश मिळाला, पण तो होता मिरवणूक प्रक्षेपित करणाऱ्या दूरचित्रवाणी कंपनीच्या कर्मचाऱ्यांचा. पंचवीस वर्षे दाराशी उभ्या असलेल्या आयरिशांना हे झोंबले नसते तरच नवल. फे यांचा आयरिश गट, 'लॅव्हेंडर अँड ग्रीन अलायन्स', 2016 मध्ये चालला. बॉस्टनचे दार 2015 मध्येच उघडले होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आयर्लंडने सार्वमताने समलिंगी विवाहाला मान्यता दिली.

मार्च 2018 मध्ये फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर आपले जोडीदार मॅथ्यू बॅरेट यांच्यासह चालले. त्यांचे वडील मालवण तालुक्यातील वराडचे. वर्षभर आधी ते पंतप्रधान झाले तेव्हा आपल्याकडील बातम्यांचा मथळा वराड गावाचा होता, आणि डिसेंबर 2019 मध्ये ते सहकुटुंब गावी आले तेव्हा कौतुकाला पुन्हा भरते आले. त्या कौतुकात बॅरेट यांच्या वाट्याला किती ओळी आल्या, हे त्या वेळची वृत्तपत्रे काढून कोणा विद्यार्थ्याने मोजावे.