जागा मिळाली, पण फी कोणी द्यायची?

सरकारी नोकराच्या मुलाला दिवसा सांभाळायचे कोणी, हा प्रश्न वरवर घरगुती दिसतो. पगार दिला की सरकारचे काम संपले, असे पुष्कळांना वाटते. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनेही बराच काळ तेच धोरण ठेवले होते. ते कसे बदलत गेले, हे पाहण्यासारखे आहे.

दुसऱ्या महायुद्धात तेथील कारखान्यांना स्त्रियांचे हात हवे होते. म्हणून लॅनहॅम कायद्याच्या पैशातून पाळणाघरे निघाली. १९४४ च्या जुलैत ती तीन हजारांवर गेली होती. युद्ध संपले आणि १९४६ मध्ये हा पैसा बंद झाला. मुले मात्र होती तेथेच राहिली. पुढे १९७१ मध्ये काँग्रेसने साऱ्या देशासाठी बालसंगोपनाचे विधेयक मंजूर केले, तर अध्यक्ष निक्सन यांनी ते नाकारले.

मग सरकारने निदान आपल्या कचेऱ्यांपुरते पाऊल उचलले. १९८५ मध्ये सिनेटर ट्रिबल यांच्या दुरुस्तीने सरकारी इमारतीत पाळणाघराला बिनभाड्याची जागा देण्याची मुभा मिळाली. परंतु पाळणाघराचा मोठा खर्च भाड्याचा नसतो, माणसांचा असतो. तान्ह्या मुलांना सांभाळायला माणसे अधिक लागतात आणि त्यांचा पगार फीतूनच निघतो. वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या कारकून आईला खालच्या मजल्यावरची फी परवडत नसेल, तर त्या जागेचा तिला उपयोग काय? चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असा तो हिशेब!

सैन्यदलाने ही गाठ आधी सोडविली. १९८९ च्या कायद्याने सैन्याच्या पाळणाघरांतील फी कुटुंबाच्या उत्पन्नाप्रमाणे ठरू लागली आणि पालकांकडून जमेल निदान तेवढी रक्कम सरकारने घालावी, असे ठरले. मुलकी नोकरांची पाळी नंतर आली. कमी पगाराच्या नोकरांची फी हलकी करण्यासाठी खात्यांना आपल्या निधीतून खर्च करण्याची परवानगी १९९९ मध्ये एका वर्षापुरती मिळाली आणि २००१ मध्ये ती कायम झाली. कमी पगार कोणता म्हणायचा, हे ज्या त्या खात्याने ठरवावयाचे.

येथेच या कायद्याची उणीव आहे. ती परवानगी आहे, सक्ती नव्हे. सारख्याच पगाराच्या दोन माता. एकीच्या खात्याने योजना सुरू केली, दुसरीच्या खात्याने केली नाही, तर दुसरीच्या पदरी काहीच नाही.

आपल्या केंद्र सरकारने २००८ मध्ये दुसरी वाट धरली. स्त्री कर्मचाऱ्यांना साऱ्या नोकरीत मिळून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. तेथे पैसा, येथे वेळ. पण रजा कधीतरी संपते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता कचेरी उघडतेच. त्या वेळी मूल कोणापाशी ठेवायचे आणि त्याची फी पगारात बसते की नाही, हा प्रश्न दोन्ही देशांतल्या आईपुढे सारखाच उभा राहतो. पैसा, जागा आणि वेळ यांचा मेळ जे सरकार घालील, त्यानेच तिची खरी सोय केली असे म्हणता येईल.