एकाच अग्नीची दोन पिके

नाशिकच्या गंगापूर धरणाजवळील सुला मळ्यात २००८ साली अन्न, द्राक्षारस व संगीत यांचा उत्सव सुरू झाला. इटलीतील एटनाप्रमाणे तेथील मळेही ज्वालामुखीच्या खडकावरच उभे आहेत. आपल्या वऱ्हाडाखालीही तोच खडक पसरला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. (लोणारचे विवर मात्र उल्कापाताचे, पुष्कळांचा येथे घोटाळा होतो.) तो खडक झिजून पूर्णेच्या खोऱ्यात खोल काळी माती साचली. ती पाणी धरून ठेवते. कपाशीला ते मानवते, द्राक्षवेलीला निचऱ्याची मुरमाड जमीन हवी. म्हणूनच १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडी कापसाकडे धाव घेतली. मिस्साचा द्राक्षारस आपल्याकडे बाहेरून येतो; वेदीवरील सुती वस्त्राचा धागा मात्र अकोला-अमरावतीच्या शेतातला असू शकतो.