किकुयूंची ‘इरुआ’

१९२९ साली केनियातील स्कॉटिश मिशनने आपल्या शाळांतील किकुयू शिक्षकांपुढे एक कागद ठेवला: मुलींची सुंता सोडल्याची सही करा, नाहीतर नोकरी सोडा. मिशनचे प्रमुख जॉन आर्थर हे स्वतः डॉक्टर. जननेंद्रियाचा भाग कापल्याने होणारा रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पुढे अडणारी बाळंतपणे, हे सारे खरेच होते. आरोग्याला लाभ मात्र शून्य.

पण किकुयूंच्या लेखी ‘इरुआ’वाचून मुलगी बाई होत नसे, तिचे लग्न जमत नसे. गोऱ्यांनी जमिनी आधीच घेतल्या होत्या. आता लेकीबाळींवरही हक्क सांगतात, असे लोकांना वाटले. त्यांनी मिशन सोडले, स्वतःच्या शाळा काढल्या. (शाळामास्तर म्हणून मला त्या शाळांचे कौतुक आहे, निमित्ताचे नाही.) जोमो केन्याटांनी तर १९३८ च्या आपल्या ग्रंथात या विधीची पाठराखण केली. १९५६ साली इंग्रजी अमलाखाली मेरूच्या पंचांनी बंदी घातली, तेव्हा मुलींनी ब्लेड घेऊन एकमेकींची सुंता केली!

स्वतंत्र केनियाच्या संसदेने २०११ साली कडक कायदा केला. त्याला न्यायालयात आव्हान दिले ते एका डॉक्टरबाईंनीच. २०२१ साली त्यांची याचिका फेटाळली गेली.