कतारचा हेलियम आणि कोकणातले ग्रहण

आपल्यापैकी अनेकांनी एम.आर.आय.च्या बोगद्यात निमूट पडून राहण्याचा अनुभव घेतला असेल. त्या यंत्राचा चुंबक थंड ठेवतो तो उणे २६९ अंशांचा द्रवरूप हेलियम. जगाच्या हेलियमपैकी चौथा ते तिसरा हिस्सा एकटा कतार पुरवत आला आहे. तेथे रास लाफान येथे २००५ साली पहिला मोठा कारखाना सुरू झाला, २०१३ साली दुसरा. जून २०१७ मध्ये सौदी अरेबियाने सरहद्द बंद केली, तेव्हा दोन्ही काही काळ थांबले.

या वायूचा माग लागला १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणापासून. त्या ग्रहणाची सावली आपल्या कोकणावरून गेली. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ आहेत; तेथूनच लॉकयर साहेबांनी हेलियम शोधला, असे तिकडे सांगतात. ऐकायला आम्हांलाही गोड वाटते. पण लॉकयर त्या वेळी इंग्लंडात होते. फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन यांनी ग्रहण पाहिले ते गुंटूरला. लॉकयर यांनी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडातूनच सूर्याच्या प्रकाशातली पिवळी रेषा तपासली आणि पुढे ती नव्या मूलद्रव्याची मानली. १८९५ साली लंडनमध्ये रॅम्से यांना तो वायू एका खनिजात सापडला.

तेव्हा श्रेय लिहिण्याआधी वजाबाकी करावी लागते. हेलियमच्या अणुकेंद्राचे माप घेतानाही शास्त्रज्ञांना तेच करावे लागले.

जमिनीखालचा हेलियम युरेनियम आणि थोरियम यांतून बाहेर पडणाऱ्या अल्फा कणांपासून होतो. अल्फा कण म्हणजेच हेलियमचे केंद्र. १९५६ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात मॅकअॅलिस्टर आणि हॉफस्टॅडर यांनी त्याचे माप प्रसिद्ध केले. हॉफस्टॅडर हे न्यूयॉर्कच्या एका ज्यू कुटुंबातले. हेलियमवर इलेक्ट्रॉनांचा मारा करायचा आणि कोणत्या कोनात किती उडतात ते मोजायचे, अशी त्यांची रीत होती.

प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. हे इलेक्ट्रॉन त्याच्या मागे पडत ते सेकंदाला जेमतेम एक किलोमीटर. इतक्या वेगाला आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेचे नियम लागतात. इलेक्ट्रॉनाला स्वतःची गिरकी असते; त्यामुळे केंद्र नुसते टिंब असते, तरीही सरळ उलटे फिरणारे इलेक्ट्रॉन थोडेच निघाले असते. शिवाय हेलियमचे केंद्र हलके; धक्का बसला की ते मागे सरकते आणि थोडी ऊर्जा घेऊन जाते. गिरकीचा हिशेब मॉट यांनी डिरॅक यांच्या समीकरणावरून १९२९ सालीच मांडला होता. हे सारे आधी वजा केले, आणि त्यानंतरही जी तूट उरली ती केंद्राच्या आकारामुळे आलेली. वजाबाकी चुकली असती, तर वेगाचा परिणाम आकाराच्या नावावर पडला असता.

उत्तर आले १.६ फेम्टोमीटर त्रिज्या. एक फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा लाख कोटीवा भाग. हॉफस्टॅडर यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. २०२१ साली स्वित्झर्लंडमध्ये निराळ्याच रीतीने माप घेतले, ते १.६७८ आले. पहिला हिशेब साठ वर्षांनंतरही टिकला.

विजयदुर्गाच्या खात्यातून लॉकयर साहेब वजा करायला आम्हांला जड जाते, पण करावे. ग्रहण मात्र उरतेच. ती सावली खरोखरच तेथून गेली होती.